तांब्याच्या पोटातली आग

साडेतीन इंच अंतराच्या रुळांवरचं छोटं वाफेचं इंजिन टेबलावर मावतं. त्यात खरा कोळसा जळतो, खरी वाफ होते, आणि मागच्या डब्यावर बसलेल्या मोठ्या माणसांना ते ओढून नेतं. इंग्लंडमध्ये अशी इंजिनं शंभराहून अधिक वर्षं घरामागच्या शेडमध्ये तयार होत आली आहेत. बघणाऱ्याची नजर रंगावर, पितळी घुमटावर, चाकांच्या दांड्यांवर जाते. पण बनवणाऱ्याचा खरा कस लागतो तो कुणाला न दिसणाऱ्या जागी, बॉयलरच्या सांध्यांत.

या छंदाला घर मिळालं ते पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोठा वाद पेटला. बाजारातली छोटी इंजिनं तेव्हा प्रामुख्याने स्पिरिटवर चालायची. इतक्या लहान भट्टीत कोळसा नीट जळणार नाही, असं जाणकारांचं मत होतं. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्सने ते मत खोडून काढलं. त्याचं ‘आयेशा’ हे इंजिन अवघ्या अडीच इंची रुळांवरचं. तरी कोळशावर चालून त्याने जिवंत माणसं ओढून दाखवली. पुढे चार दशकं तो लिहीत राहिला. कुठला पत्रा किती कापायचा, कुठे भोक पाडायचं, आच कुठून द्यायची, हे तो शेजारी उभा राहून सांगावं तसं सांगे. साध्या लेथवर काम करणाऱ्या कामगाराला आपणही इंजिन बनवू शकतो हा विश्वास त्याने दिला. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच.

कोळशाची अडचण मात्र खरीच होती. सोळा पट लहान इंजिनात लांबी सोळाव्या हिश्शावर येते, पृष्ठभाग २५६ व्या आणि घनफळ ४०९६ व्या हिश्शावर. पण कोळशाची राख आणि पाण्याचा उत्कलनबिंदू आहेत तसेच राहतात. मोठ्या बॉयलरमधली धूर वाहून नेणारी दोन इंची नळी त्याच प्रमाणात लहान केली, तर ती एक अष्टमांश इंचाची होईल आणि राखेने लगेच तुंबेल. म्हणून छोट्या बॉयलरमध्ये नळ्या कमी आणि प्रमाणापेक्षा रुंद ठेवतात. बाहेरून हुबेहूब दिसणारं इंजिन आतून वेगळंच असतं.

बॉयलरसाठी तांबंच का? ते पोलादापेक्षा सुमारे आठपट चांगली उष्णता वाहून नेतं, आणि गंजून पातळ होत नाही. सपाट पत्रा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. मग पोलादी साच्यावर ठेवून त्याची कड हातोडीने वळवायची. काही ठोक्यांत तांबं पुन्हा ताठर होतं. पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. घाई केली तर कड तडकते.

यानंतर येतं झाळकाम. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, चांदीचं झाळण साधारण ६५० अंशांच्या आसपास. सांध्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी फट ठेवतात. त्यावर फ्लक्सची, म्हणजे सांधा स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्याची, पेस्ट लावतात. मग बॉयलरभोवती उष्णतारोधक विटा रचून मोठ्या प्रोपेन बर्नरने सगळाच तापवायचा, कारण तांबं एका जागी दिलेली आच क्षणात सगळीकडे पसरवतं. फ्लक्स आधी फुगतो, मग पाण्यासारखा पातळ होतो. त्या वेळी झाळणाची कांडी सांध्याला टेकवायची. ती ज्योतीने नव्हे, तापलेल्या तांब्यानेच वितळली पाहिजे. वितळलेली चांदी फटीत ओढली जाते आणि पलीकडच्या बाजूला चकचकीत रेघ उमटते. ती रेघ दिसली की सांधा भरला. आधीचे सांधे पुढच्या आचेत सुटू नयेत म्हणून पहिल्यांदा जास्त तापमानाचं झाळण वापरतात आणि नंतर कमी तापमानाचं.

वेल्डिंगही या छंदात आहे, पण जपून. सव्वासात इंची रुळांवरच्या मोठ्या इंजिनांचे पोलादी बॉयलर वेल्ड करतात, तेही प्रमाणित वेल्डरकडून. तांब्याचं टिग वेल्डिंग व्यावसायिक बॉयलरवाले करतात. घरी ते अवघड, कारण आच टिकत नाही. इंजिनाच्या चौकटीला वेल्डिंग केलं की पत्रा ओढला जातो, आणि चौकट जराशी पिळली तरी धुऱ्या अडकतात. तिथे रिव्हेट आणि स्क्रूच बरे.

काही चुका वर्षांनंतर उघड होतात. फॉस्फरस असलेलं झाळण स्वस्त आणि सोपं, पण कोळशाच्या धुरातलं गंधक ते पोखरतं; भट्टीजवळ ते चालत नाही. भट्टीच्या सपाट भिंती फुगू नयेत म्हणून आडवे आधार-खिळे घालतात. ते पितळेचे असतील तर त्यातलं जस्त झिजून निघून जातं, म्हणून ब्राँझचे हवेत. जुन्या झाळणातल्या कॅडमियमचा धूर तर जिवावर बेततो. युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा झाळणावर बंदी आणली.

तयार बॉयलर आधी पाण्याने भरून नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासतात. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी स्फोट होत नाही, फक्त गळती दिसते. ब्रिटनमधल्या क्लबांचे बॉयलर-निरीक्षक ही चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. पुढच्या चाचण्या दीडपट दाबाला होतात.

कुणाला या वाटेने जायचं असेल, तर एलबीएससीचं ‘टिच’ हे चार चाकांचं छोटं इंजिन निवडावं. नवशिक्यांसाठीच ते आखलं होतं. आधी चौकट, चाकं, सिलिंडर जोडून ते दाबाच्या हवेवर चालवून पाहावं. बॉयलरला हात घालण्याआधी तांब्याच्या तुकड्यांवर झाळकामाचा सराव करावा. आणि चाचणी झाल्याशिवाय भट्टी पेटवू नये.