तोल सांभाळण्याची विद्या
उतारवयातील चक्कर आणि कायरोप्रॅक्टिक उपचार

वयाची साठी उलटली की घराघरांतून एक तक्रार हमखास कानी येते : ‘आज जरा गरगरते आहे.’ कोणी त्याला पित्त म्हणतो, कोणी अशक्तपणा, तर कोणी मानेचा विकार. लिंबाचे सरबत दिले जाते, थोडा वेळ पडून राहण्याचा सल्ला मिळतो आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः तो तिथे संपवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पुन्हा पडण्याची भीती घर करते. दुकानात जाणे सुटते, जिना चढणे सुटते आणि हालचाल थांबल्याने पाय अधिकच दुर्बल होतात.

आपण उभे राहतो ते तीन वह्यांच्या मेळावर. डोळे एक नोंद पाठवतात, अंतर्कर्ण दुसरी, आणि पाय, सांधे व मानेचे स्नायू तिसरी. मेंदू या तिन्ही नोंदी क्षणोक्षणी ताडून पाहतो. एका वहीतील आकडा जुळला नाही की चक्कर येते. वयानुसार तिन्ही वह्या थोड्याथोड्या अंधुक होत जातात. म्हणूनच उपचार करण्यापूर्वी चूक कोणत्या वहीत आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कारणे अनेक, नाव एक

ज्येष्ठांत वारंवार आढळणारे कारण अंतर्कर्णातील आहे. तेथे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की, कुशीवर वळताना, खाली वाकताना किंवा वरच्या फळीवरील डबा काढण्यासाठी मान वर करताना सारे जग गरगर फिरते. ही घेरी सहसा मिनिटभराच्या आत ओसरते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील कर्णतज्ज्ञ डॉ. जॉन एप्ली यांनी यावर डोके व शरीर ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक पूर्ववत जागी आणण्याची पद्धत शोधली. प्रारंभी समव्यवसायिकांनी त्यांची उपेक्षा केली. 1992 साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि आज ती जगभर मान्य आहे. औषधाची गोळी न घेता, काही मिनिटांत, बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. मात्र कोणत्या कानात दोष आहे हे तज्ज्ञाने तपासूनच ती करावी.

दुसरे कारण उभे राहताच रक्तदाब उतरण्याचे. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब 20 किंवा खालचा दाब 10 अंकांनी घसरला, तर त्याची दखल घ्यावी. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे असे घडू शकते. उपवासात व चौविहारात शरीरातील पाणी कमी होते; त्या दिवसांत गोळ्यांची मात्रा कशी ठेवावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. शाकाहारी कुटुंबांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता बरीच आढळते. तिच्यामुळे पायांची संवेदना बोथट होते आणि अंधारात तोल जातो. साध्या रक्ततपासणीने ती कळते.

कायरोप्रॅक्टिकचा दावा आणि मर्यादा

मणक्यांना हाताने विशिष्ट झटका देऊन उपचार करण्याच्या या पद्धतीचा उगम 1895 साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका बहिऱ्या मनुष्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. आज तेथे या शाखेचे स्वतंत्र शिक्षण आणि राज्यांचा परवाना आहे. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून असे उपचार मिळू लागले असून, मान ‘कट्कन’ वाजवणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर घरोघरी पाहिल्या जातात.

याचा लाभ कोणाला होऊ शकतो? ज्यांची चक्कर खरोखर मानेच्या सांध्यांशी निगडित आहे, अशा रुग्णांना हलक्या हाताने केलेल्या सांधे-उपचारांनी आराम पडल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. ज्येष्ठांच्या तोलाविषयीचे अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. कायरोप्रॅक्टिकने पडण्याचे प्रमाण घटते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. साठीपुढील बहुतेकांच्या मानेच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसतेच. म्हणून चक्करेचा दोष तिच्या माथी मारला जातो. माझ्या परिचयातील एक किराणा व्यापारी वर्षभर गळ्यात पट्टा बांधून गल्ल्यावर बसत होते आणि पुढे मान मोडून घेण्याच्या बेतात होते. कानाच्या तज्ज्ञाने त्यांना पलंगावर आडवे करून तपासले, तेव्हा दोष कानाचा निघाला आणि त्याच बैठकीत तो दूर झाला. पट्ट्याने काही साधले नव्हते. मानेला झटका दिला असता तर मात्र धोका होता. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतील पदर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या विरळ असल्या तरी हानी मोठी असते. ठिसूळ हाडे असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पूर्वी पक्षाघात झालेल्यांनी असा झटका घेऊच नये. इतरांनीही उपचारकाचे शिक्षण विचारावे आणि चक्करेचे निदान आधी डॉक्टरांकडून करून घ्यावे.

चक्करेसोबत बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा चालणेच अशक्य झाले, तर कोणत्याही उपचारकाकडे न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरी काय करावे

पडणे टाळण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. भक्कम ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालणे, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, हे सारे कोणीतरी जवळ असताना रोज करावे. अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसावे. स्नानगृहात धरण्यासाठी दांडी बसवावी, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा, सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत. नित्य लागणारे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणावेत. चक्करेची वेळ, तेव्हाची हालचाल आणि घेतलेल्या गोळ्या यांची नोंद आठवडाभर ठेवून ती वही डॉक्टरांसमोर उघडावी. नोंद चोख असेल तर निदानही लवकर होते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.