रबरावर छापलेला लोगो का निघतो?

मित्रांनो, आपल्याकडे शिकून गेलेल्या एका ताईंचा परवा फोन आला. एका शोरूमसाठी दोनशे रबर मॅटवर स्क्रीन प्रिंटिंगने लोगो छापून दिला होता. आठ दिवसांत माल परत! मॅट दुमडली की शाई खपलीसारखी निघत होती. ताई महागडी शाई मागवायला निघाल्या होत्या. म्हटलं, थांबा, आधी कोरी मॅट दाखवा.

मॅटवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. गडबड इथेच होती. मॅट साच्यातून सुटावी म्हणून बऱ्याचदा आत सिलिकॉनचा स्प्रे मारतात, तो मालाला चिकटून येतो. शिवाय ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून रबरात मुद्दाम मेण घालतात. ते हळूहळू वर येत राहतं. म्हणजे आपली शाई रबराला धरतच नाही, मेणावर तरंगते!

त्यामुळे आज पुसून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात छापलं, असं चालत नाही. पुसाल त्याच दिवशी छापा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा, परत पुसा. थेट घासायला घेतलं तर तेलकटपणा आणखी आत जातो. आणि फडक्याची बाजू बदलत राहा हो! एकाच फडक्याने पन्नास मॅट पुसल्या तर तुम्ही मेण काढत नाही, वाटत सुटता. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि गॅस-शेगडी लांब.

आता शाई. कडक सुकणारी शाई रबरासोबत वाकत नाही, तडकते. हार्डनर मिसळायची, लवचिक पीयू शाई घ्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, अंदाजे ओतू नका. मिसळलेली शाई काही तासच चालते, म्हणून लागेल तेवढीच कालवा.

छापल्यावर बोटाला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं नाही. कंपनीने सांगितलेले दिवस जाऊ द्या. मग ब्लेडने बारीक चौकटी पाडा, टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. तीच मॅट दहा-वीस वेळा दुमडूनही बघा. ताईंनी ही परीक्षा दोन मॅटवर केली असती, तर दोनशे वाचल्या असत्या.

सिलिकॉनच्या हातातल्या बँडला मात्र यातलं काही लागू नाही. त्याला सिलिकॉनचीच शाई लागते. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.