घरातली यंत्रं (लेखांक ६) : दिवा लागतो, पाणी तापत नाही

रत्नागिरीत घर गरम करायची वेळ कुणावर येत नाही. तापवायचं ते न्हाणीतलं पाणी. संगमेश्वर तालुक्यात तुरळ-राजवाडीला ते जमिनीतूनच कढत येतं, राजापूरजवळ उन्हाळे गावातही. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं बंबात सोडणं नि करवंट्या घातल्या. बंबात बिघडण्यासारखं होतं काय? फार तर तोटी गळायची.

गीझरचं तसं नाही. शिवाय माहितीपत्रक सगळा दोष क्षारांवर टाकून मोकळं होतं. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात ते खरंच आहे. तापताना चुना सुटतो आणि कॉइलवर त्याची पुटं चढतात. जांभ्यातून झिरपलेलं आपलं पाणी बहुधा हलकं आणि किंचित आम्लधर्मी. ते पुटं कमी चढवतं, धातू मात्र खातं. वर समुद्राची खारी हवा आहेच. म्हणून इथे आधी शोधायचा तो गंज.

दिवा लागतो पण पाणी गारच, ही नेहमीची तक्रार. झाकण उघडू नका. घरातलं बाकी सगळं, अगदी फ्रिजसुद्धा, बंद करा आणि टाकीत गार पाणी असताना फक्त गीझर लावून महावितरणच्या मीटरपाशी जा. दोन किलोवॉटची कॉइल चालू असेल तर मीटरवरचा बारीक दिवा भराभर लुकलुकतो. तशा कॉइलला १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला वीसेक मिनिटं पुरतात. मीटर पळतोय आणि तरी नळाला कोमट पाणी येतंय, तर शॉवरचा मिक्सर तपासा. आतून बिघडला की गार पाणी गरम पाण्याच्या नळीत घुसतं. मीटरचा दिवा ढिम्म असेल तर वीज कॉइलपर्यंत पोचत नाही, नाहीतर कॉइलच तुटलेली आहे.

थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी मेन स्विच बंद करून प्लग काढून बघा. मांडवी, मिऱ्या, भाट्ये या बाजूच्या घरांत पितळी पिना हिरव्या पडतात, पकड सैल होते आणि तिथेच उष्णता धरते. दोन किलोवॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. सॉकेट १६ अँपिअरचंच हवं. प्लग तपकिरी पडला असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायची. नुसता प्लग बदलून भागवणारे महिन्याभरात पुन्हा वायरमनला फोन करतात.

गीझर लावला की ईएलसीबी पडतो? बहुतेकदा कॉइलचं आवरण गंजून वीज पाण्यात झिरपत असते. ‘ईएलसीबी काढून टाकू, डायरेक्ट जोडू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. अर्थिंगही तपासून घ्या. कातळावरच्या घरांत एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि मग अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, हे घर बांधून देणारा सहसा सांगत नाही.

पाणी तांबूस येत असेल तर दोन्ही नळांखाली एकेक बादली लावा. दोन्हींत तांबूस, तर ती विहिरीची किंवा पाइपाची देणगी. फक्त गरम नळाला तांबूस, तर टाकी आतून गंजतेय. काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी आधी तिला खातं, म्हणून टाकी वाचते. ती वर्षा-दोन वर्षांनी बघून झिजली असेल तर बदलायची. टाकी फुटण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. पण सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला आपण विचारलं नाही, तर तिचा विषयही निघत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडले तर घाबरू नका. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं, ते कुठेतरी जाणारच. गीझर बंद असतानाही धार चालू राहिली, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. तिथे बूच मात्र कधीही मारू नका.

गॅसच्या गीझरबद्दल पुढच्या आठवड्यात. तो बंद न्हाणीघरात बसवलेला असेल तर तोवर वापरू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.