पार्किंगऐवजी प्रवासाचा पास

अमेरिकेत निवासी इमारतीच्या मालकाने आपल्या सफाई कामगाराला किंवा व्यवस्थापकाला बस-रेल्वेचा पास दिला, तर प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३२(एफ) नुसार २०२५ साली दरमहा ३२५ डॉलरपर्यंतचा लाभ करमुक्त ठरत होता. भाडेकरू मालकाचा नोकर नसल्याने ही सवलत त्याला नाही. तरीही त्याला पास देणे न्याय्य आहे. पार्किंग बांधण्याचा खर्च अनेकदा सरसकट भाड्यात मिसळतो आणि गाडी नसलेलाही तो भरतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ मध्ये नव्या प्रकल्पांना गाड्यांची वर्दळ कमी करणारे उपाय बंधनकारक केले. रहिवाशांच्या प्रवासखर्चाला हातभार हा त्यांतला एक मान्य पर्याय आहे.

पास न वापरणाऱ्यांवर पैसा वाया जाईल, हा आक्षेप रास्त आहे. पण मागणाऱ्यालाच पास दिला की तो बराचसा मिटतो. मालक हा खर्च भाड्यात वसूल करील, अशीही शंका येते. मात्र पार्किंगचे शुल्क घरभाड्यापासून वेगळे केले, तर कोण कशाचे पैसे भरतो हे उघड दिसते. जिथे बसच क्वचित येते, तिथे पास निरुपयोगी. तिथे आधी सेवा वाढायला हवी. जिथे ती नियमित आहे, तिथे गाडीच्या जागेला मिळणारी मदत माणसाच्या प्रवासालाही मिळालीच पाहिजे.