भिंतीवरचीं जुनीं पंचांगें

वर्ष संपलें कीं भिंतीवरचें कॅलेंडर खालीं उतरतें. त्याच्या कागदाचें मुलांच्या पुस्तकांना वेष्टन होतें, एखादा तुकडा फडताळांत अंथरला जातो आणि उरलेला रद्दींत जातो. यांत इतिहासाची कांहीं हानि होत असेल, अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. परंतु युरोपांतील जुन्या छापील पंचांगांचा शोध घेऊं लागलें म्हणजे दिसतें कीं, जो कागद एके काळीं घरोघर होता तोच आज दुर्मिळ झाला आहे.

युरोपांत खिळ्यांनीं छापण्याची कला जर्मनींतील माइन्त्स शहरीं उदयास आली. तेथील अगदीं आरंभीच्या कामांत १४५७ सालासाठीं छापलेला एक तक्ता आहे. त्या वर्षाच्या अमावास्या-पौर्णिमांच्या वेळा त्यांत दिल्या होत्या. शिवाय शीर तोडून रक्त काढण्यास व रेचक घेण्यास कोणते दिवस चांगले, तेंहि सांगितलें होतें. कारण त्या काळीं युरोपांतले वैद्यहि चंद्राची गति पाहून उपचार करीत. या तक्त्याचा केवळ वरचा भाग आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. तो टिकला याचें कारण एवढेंच कीं, कोणीं तरी हिशेबाच्या कागदांना त्याचें वेष्टन केलें! असेच इतर तक्त्यांचे तुकडे जुन्या ग्रंथांच्या बांधणींत चिकटविलेले सांपडतात. बांधणाराची काटकसर संशोधकाच्या उपयोगीं पडली.

सतराव्या शतकांत पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावरील लांग्ल्वा, लार्मेसँ, लांद्री इत्यादि चित्रमुद्रकांनीं या साध्या तक्त्यास राजवैभव आणलें. तांब्याच्या दोन पत्र्यांवर चित्र कोरावयाचें आणि छापलेले दोन कागद एकाखालीं एक जोडावयाचे. उंची जवळजवळ दोन हात. वरच्या विस्तीर्ण भागांत चौदाव्या लुईचा विजय, तह किंवा राजघराण्यांतील विवाह, आणि वर्षाचे बारा महिने खालीं दाटीवाटीनें बसविलेले! गृहस्थ वार पाहावयास येई आणि राजाचें दर्शन घेऊन जाई. हा माल वर्षाच्या तोंडावरच खपावयाचा. म्हणून जुना पत्रा घासून त्यावर नवें कोरण्याची युक्तीहि हे कारागीर करीत.

इंग्लंडांत १६०३ सालीं पहिल्या जेम्स राजानें पंचांगें छापण्याचा मक्ता लंडनच्या 'स्टेशनर्स कंपनी' या मुद्रक व पुस्तकविक्रेत्यांच्या संघास दिला. १६६० नंतरच्या दशकांत तेथें वर्षास तीन-चार लाख प्रती खपत. टॉमस कार्नन या पुस्तकविक्रेत्यानें न्यायालयांत झगडून १७७५ सालीं तो मक्ता मोडला. पण त्या लाखों प्रतींपैकीं टिकल्या किती थोड्या! उलट, १६७४ सालीं निघालेला ऑक्सफर्ड विद्यापीठाचा तक्ता चित्रासाठीं जपला गेला; १७९९ ते १८११ पर्यंतच्या कित्येक तक्त्यांचीं चित्रें तर टर्नरनें काढलेलीं आहेत. शोभेची वस्तु टिकली. कामाची वस्तु कामास येऊन संपली.

आपल्याकडे गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाछापावर मराठी पंचांग काढलें, तेव्हांपासून हा कागद आपल्याहि घरांत आला. पुढील वर्षीं कॅलेंडर उतरवितांना त्यावर टिपलेले दुधाचे हिशेब व पाहुण्यांच्या येण्याच्या तारखा एकदां पाहाव्या. ग्रंथ जपावयास ग्रंथालयें आहेत. हा कागद मात्र घरानें जपला तरच उरेल.