नऊ गड, पायथ्यापासून

पाऊस ओसरला, भात पिवळं पडू लागलं की एखाद्या सकाळी मालवणच्या धक्क्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहावं. चार महिने ढगांत बुडालेली सह्याद्रीची निळी भिंत पूर्वेला उघडी पडलेली असते. आलेला पाहुणा सहसा तिकडे बघत नाही. त्याचे डोळे सिंधुदुर्गाच्या तटावर खिळलेले असतात, आणि ते साहजिकच आहे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. मी मात्र गेली काही वर्षं त्या निळ्या भिंतीच्या नादी लागलो आहे. उत्तरेकडून मोजत आलं की तिच्या अंगाखांद्यावर नऊ गड भरतात. फोंडा घाटावरचा शिवगड, नरडव्याचा भैरवगड, घोटग्याचा सोनगड, नारूरच्या डोक्यावरचा रांगणा, शिवापूरचे मनोहर आणि मनसंतोष, आंबोलीकडचे नारायणगड व महादेवगड, आणि दोडामार्गात फुकेरीचा हनुमंतगड. यादी माझी आहे, नियमही माझाच: गड कोकणातल्या वाडीतून चढायचा, पायी.

हा नियम का, ते रांगणा सांगतो. सरकारी हिशेबात हा गड कोल्हापूर जिल्ह्याचा, भुदरगड तालुक्याचा. घाटावरून चिक्केवाडीच्या बाजूने गेलं की जवळजवळ सपाटीने चालत माणूस दरवाजात पोचतो. तोच गड नारूरहून करा. नारळी-पोफळीच्या बागा, भातशेती, मग जंगल, आणि मग उभा चढ. पहिल्या खेपेला मी भराभर निघालो होतो. सोबतच्या नारूरच्या आजोबांनी अर्ध्या वाटेत काठी रोवली नि म्हणाले, “वायच बसा, मगे चढा. झरो अजून वरती आसा.” खरोखर, अर्ध्या तासाने कातळाच्या पायाशी पाण्याची बारीक धार लागली. त्यांनी कुंभ्याच्या पानाचा द्रोण केला, आधी मला पाजलं, मग स्वतः प्याले.

ती धार तिथेच का, याचं उत्तर त्या कातळात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून लाव्हा वाहिला. शंकूसारख्या एखाद्या डोंगरातून तो उसळला नाही, लांबच लांब भेगांमधून पसरत गेला, थांबला, थिजला, पुन्हा आला. त्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग झाकलेला आहे. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा दगड झिजून माती व्हायची, आणि पुढचा लाव्हा तिला भाजून काढायचा. कड्यात मधूनच दिसणारा विटकरी पट्टा तो हाच. वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी या चिकट थरावर अडतं आणि बाजूने बाहेर पडतं. गडावर पाणी हवं म्हणून टाकी खोदणाऱ्यांना भूगर्भशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं, पण थर त्यांना वाचता येत होते.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात या लाव्ह्याची आणखी एक गंमत आहे. दक्षिणेकडे येता येता त्याची जाडी कमी होत जाते, आणि पायथ्याशी त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. शिवाय किनारपट्टीकडे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळी पठारं, आहेतच. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. खाणीतून काढताना मऊ, उन्हावाऱ्यात कडक होणारा. त्याच्याच चिऱ्यांनी आमची घरं उभी आहेत. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर तर अज्ञात हातांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. म्हणजे मालवणहून निघून रांगण्याच्या माथ्यावर पोचेपर्यंत माणसाच्या पायाखालून पृथ्वीची कित्येक प्रकरणं उलटलेली असतात. मोटारीत बसून यातलं काहीच कळत नाही.

रांगण्यावर रांगणाईचं देऊळ आहे, मोठा तलाव आहे, आणि कोकणाच्या अंगाला हत्तीच्या सोंडेसारखी पुढे झेपावलेली माची आहे. त्या सोंडेच्या टोकाशी बसून खाली बघताना १७०८ साल आठवतं. शाहू महाराजांच्या सैन्याने पन्हाळा घेतल्यावर ताराबाई रांगण्यावर आल्या आणि तिथून मालवणला, सिंधुदुर्गात गेल्या. मागे रामचंद्रपंत अमात्यांनी गड लढवला. ताराबाईंचा उतार आणि माझा चढ एकाच वाटेचा असेल असं मी म्हणणार नाही, पण डोंगर आणि समुद्र हे दोन किल्ले एकमेकांच्या हाकेवर होते, हे त्या माचीवर पायाला कळतं.

सगळ्याच गडांवर माणूस असा भरून पावतो असं नाही. फुकेरी गावच उंचावर आहे, त्यामुळे हनुमंतगडाला फार दम लागत नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर, महादेवगडाच्या टोकाजवळ गाडी जाते. सोनगडावर अवशेष थोडे, झाडोराच जास्त.

जायचं ते पावसाळ्यानंतर. आंबोलीला वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत जळवा पायाला लागतात, फांदीवर मलबारी चापडा निवांत पडलेला असतो, कातळ शेवाळून साबणासारखा होतो. चढताना हाताशी कारवी असते, पण ओली कारवी मुळासकट हातात येते. दोडामार्गाकडे २००२पासून हत्ती वावरतात, तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय रानात शिरू नये. हे मी कळकळीने सांगतो. वाटाड्याला योग्य मोल द्यावं, जमल्यास त्याच्याच घरी जेवावं. वाडीतली माणसं वापरेनाशी झाली की दोन पावसांत वाट बुजते.

शिखरं मोजत चढण्याचा हा छंद जगात जुना आहे. १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या पर्वतांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ नावं आहेत, आणि ती पुरी करण्यात लोक आयुष्यातली वीस-वीस वर्षं घालवतात. स्वतः मन्रो १९१९ साली वारले, तेव्हा त्यांची यादी अपुरीच होती. राहिलेल्यांत स्काय बेटावरचा एक सुळका होता. तोही प्राचीन ज्वालामुखीच्या खडकाचाच, आणि साऱ्या यादीत सहसा दोराशिवाय न होणारा तो एकटाच.

माझ्या नवांतही असा एक आहे, मनोहरगडाच्या जोडीचा मनसंतोष. आग्र्याहून सुटून आल्यावर, १६६७ साली, शिवाजी महाराजांचा मुक्काम मनोहरगडावर होता. १८४४च्या गडकऱ्यांच्या उठावात हाच गड इंग्रजांशी झुंजला. गड हाती आल्यावर इंग्रजांनी पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. मनोहरगडावर आजही चढता येतं. शेजारच्या मनसंतोषगडाची वाट मात्र तुटली ती तुटलीच. आता तिथे दोर आणि प्रस्तरारोहण जाणणारी माणसं लागतात.

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीला तुळशीपाशी कारीट फोडून, गोडे पोहे खाऊन आम्ही शिवापुरातून निघालो. मनोहरगडावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मधल्या खिंडीपलीकडे मनसंतोष उभा होता, कातळाचा काळा टप्पा, वर पिवळं पडत चाललेलं गवत. डब्यात पोहे उरले होते. ते खात आम्ही बराच वेळ त्या कातळावर हाताला धरायला काय सापडेल ते शोधत बसलो.