दडलेला खडा आणि उलटी चढणारी शू

मुलांनो, सोनोग्राफीला जाताना "भरपूर पाणी पी आणि शू धरून ठेव" असं का सांगतात, माहितेय? सोनोग्राफीत आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडतात. त्यांच्या प्रतिध्वनीवरून आतलं चित्र तयार होतं. पाण्यातून या लहरी मजेत जातात, हवेशी मात्र त्यांचं वाकडं! भरलेलं मूत्राशय हवेनं फुगलेल्या आतड्यांना बाजूला सारतं. पोटावर गारगार जेली चोपडतात ना, तीही मधली हवा घालवायलाच.

आपली दोन मूत्रपिंडं कमरेच्या वर, पाठीकडे असतात. तिथून लघवी मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. मोठ्या माणसात ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, आणि आतड्यांच्या मागे दडलेली. तिच्या मधोमध खडा अडकला, तर सोनोग्राफीत तो बरेचदा सापडत नाही.

मग एक्स-रे? राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या या किरणांमुळे कॅल्शियमचे खडे पांढरे दिसतात. युरिक ॲसिडचा खडा मात्र चक्क गुंगारा देतो! पूर्वी शिरेत औषध टोचून एकामागून एक एक्स-रे काढत, त्याला आयव्हीपी म्हणतात. आता ते काम बहुतेक वेळा सीटी स्कॅन करतो. १९७१ मध्ये रुग्णावर पहिल्यांदा वापरलेलं हे तंत्र शरीराची चित्रं पावाच्या कापांसारखी, एकेक थर करून दाखवतं. त्यात जवळजवळ प्रत्येक खडा दिसतो. मग सरसकट सीटीच का नको? कारण त्यात किरणांची मात्रा जास्त, आणि वाढत्या शरीराला ती अधिक बाधू शकते. म्हणून मुलांची आधी सोनोग्राफी.

पण काही मुलांना खडा नसतोच. त्यांची शू मूत्राशयातून उलटी वर चढते! तिच्याबरोबर जंतू वर गेले की ताप येतो, आणि असं वारंवार झालं तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. पालकहो, सर्दी-खोकला नसताना लहानग्याला ताप आला, तर डॉक्टरांना लघवीच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

ही उलटी वाट सोनोग्राफीत निसटू शकते. तिच्यासाठी एमसीयू. बारीक नळीनं मूत्राशयात औषध भरतात आणि मूल शू करत असतानाच एक्स-रे घेतात. सगळ्यांसमोर, टेबलावर शू करायची म्हटल्यावर मुलं बावरतातच. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, की उद्या तिथं कुणी रागावणार नाही, डॉक्टरांना नेमका तोच फोटो हवाय.